वानलेस आणि क्षयाचे अर्थकारण

सांगली आणि मिरज यांच्या दरम्यानच्या वानलेसवाडीचे नाव नित्य घेणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ते एका शल्यचिकित्सकाचे आहे याची जाणीव असते. विल्यम जेम्स वानलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडात झाला. न्यूयॉर्कला वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८८९ मध्ये ते प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर म्हणून हिंदुस्थानात आले. पटवर्धनांच्या मिरजेत १८९४ साली त्यांचे रुग्णालय उभे राहिले आणि १८९७ मध्ये त्याला वैद्यकीय शाळेची जोड मिळाली. धर्मप्रसार हा मिशनचा हेतू होता व तो कोणी लपविलाही नव्हता; परंतु सातारा-कऱ्हाडकडून मिरजेच्या गाडीत बसणारा रोगी धर्मासाठी नव्हे, वानलेसांच्या शस्त्रक्रियेसाठी येत असे.

शस्त्राने मोतीबिंदू निघे, क्षय निघत नसे. कॉखने १८८२ मध्येच क्षयाचे जंतू शोधले होते. औषध मात्र कोणापाशीच नव्हते. वानलेसांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या क्षय रुग्णालयाला देता येण्याजोगे होते ते विश्रांती, मोकळी हवा आणि सकस अन्न. हे उपचार महिनोन् महिने चालत. कुळाने शेत किंवा कारकुनाने नोकरी इतके दिवस सोडायची, तर मागे घर कोणी चालवावे? क्षय हा श्रीमंतांनाही होई, पण त्यातून उठण्याची सवड बहुधा त्यांनाच असे. १९२८ मध्ये 'सर' ही पदवी मिळालेले वानलेस १९३३ साली अमेरिकेत वारले. स्ट्रेप्टोमायसीन त्यानंतर दहा वर्षांनी हाती आले.

खरा पालट घडविला तो मद्रासमध्ये १९५६ पासून झालेल्या तुलनात्मक अभ्यासाने. घरी राहून औषध घेणारे रोगी आरोग्यधामातल्या रोग्यांइतकेच बरे होतात आणि त्यामुळे घरच्यांना अधिक लागण होत नाही, असे त्यात आढळले. रोजगार आणि उपचार यांतले वैर तेथे बरेचसे संपले.

भीती मात्र संपली नाही. मुलीचे लग्न मोडेल, मालक कामावरून काढील, या धास्तीने खोकला आजही लपविला जातो. याला निव्वळ अज्ञान म्हणणे अन्यायाचे आहे. ती धास्ती अनेकदा खरी ठरते. पण फुप्फुसाचा क्षय पसरतो तो खोकल्यावाटे हवेतून, ताटवाटी किंवा कपड्यांतून नव्हे. आणि योग्य औषध सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका झपाट्याने ओसरतो. म्हणजे घराला भय आहे ते लपविलेल्या रोग्याचे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, घटते वजन, थुंकीत रक्त, यांपैकी काहीही दिसले तरी तपासणी करून घ्यावी. साधारण क्षयाला सहा महिने औषध पुरते. दोन महिन्यांत बरे वाटू लागते आणि तेथेच पुष्कळजण गोळ्या सोडतात; मग जंतू औषधाला दाद देईनासे होतात व उपचार लांबतो. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषधे विनामूल्य आहेत. आहारासाठी रोग्याला मिळणारी दरमहा ५०० रुपयांची मदत नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाली आहे. बुडालेल्या मजुरीपुढे ती तुटपुंजी आहे, हे खरे. परंतु थुंकी तपासण्यासाठी साताऱ्याच्या रोग्याला आता मिरजेची गाडी धरावी लागत नाही.