त्वचा उष्णतेने भाजते की प्रकाशाने? हातावर शाई फासून उत्तर शोधणारे नील्स फिन्सेन

उन्हात त्वचा लाल होते, ती उष्णतेमुळे की प्रकाशामुळे? डेन्मार्कचे डॉक्टर नील्स फिन्सेन यांनी हे स्वतःच्याच हातावर तपासलं. हातावर काळ्या शाईचा पट्टा फासून ते सुमारे तीन तास उन्हात बसले. आजूबाजूची त्वचा लाल झाली, शाईखालची मात्र जशीच्या तशी राहिली. खरं तर काळा रंग जास्त तापतो. म्हणजे दोष उष्णतेचा नाही, अतिनील किरणांचा! पुढे शाईशिवाय ऊन घेतलं, तेव्हा तो गोरा पट्टाच भाजला. आधी रापलेली त्वचा वाचली.

फिन्सेन यांचा जन्म १८६० मध्ये फॅरो बेटांवरचा. त्वचा भाजणारा प्रकाश त्यांनी १८९५ पासून कोपनहेगनमध्ये उपचारासाठी वापरला. चेहरा विद्रूप करणाऱ्या त्वचेच्या क्षयरोगावर तेव्हा प्रतिजैविकं नव्हती. कार्बन आर्क दिव्याचा झोत पाण्यातून थंड करून जखमेवर सोडला जाई. रक्त प्रकाश अडवतं, म्हणून परिचारिका भिंगाने त्वचा दाबून धरत. उपचार महिनोन्महिने चाले.

१९०३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तोवर जुन्या आजाराने ते चाकाच्या खुर्चीत होते. पुढच्याच वर्षी, ४३व्या वर्षी त्यांचं निधन झालं.