सुझान नोएल : न ओढलेल्या चेहऱ्याची शल्यविशारद

१९१२ साली पॅरिसच्या वृत्तपत्रांत एक चविष्ट बातमी फिरत होती. अमेरिकेचा दौरा आटोपून परतलेल्या विख्यात अभिनेत्री सारा बर्नहार्ट अचानक तरुण दिसू लागल्या होत्या. त्यांचे वय तेव्हा ६८ च्या घरात. डोक्याच्या केसांतून कातडीची एक पट्टी काढून टाकली आणि वरचा चेहरा ताणून घेतला, एवढेच काय ते घडले होते. शहरभर लोक चघळत बसले. सॅं लुई रुग्णालयात त्वचारोगांचे प्रशिक्षण घेणाऱ्या एका ३४ वर्षांच्या डॉक्टर बाईंनी मात्र आरसा समोर घेतला आणि स्वतःच्या गालाची, कपाळाची कातडी ठिकठिकाणी चिमटीत धरून पाहायला सुरुवात केली. कुठे धरले की कुठली सुरकुती जाते? किती धरले की चेहरा आपला वाटेनासा होतो?

या बाई म्हणजे सुझान नोएल. चेहऱ्याच्या सौंदर्यशल्यक्रियेतल्या जगातल्या पहिल्या स्त्री सर्जन म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. फेसलिफ्टबद्दल आज दवाखान्यात येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस जो प्रश्न विचारतो, म्हणजे चेहरा ताणल्यासारखा तर दिसणार नाही ना, त्याचे उत्तर शोधण्यात या बाईंची चाळीस वर्षे गेली.

सुझान यांचा जन्म १९ जानेवारी १८७८ चा, फ्रान्सच्या उत्तरेकडील लाँ या गावचा. घर खाऊनपिऊन सुखी. अशा घरांतल्या मुलींचे शिक्षण चित्रकला आणि भरतकामापाशी थांबे आणि १९-२० व्या वर्षी लग्न होई. सुझान यांचेही १८९७ मध्ये आंरी पेर्ता या डॉक्टरांशी लग्न झाले. पुढची गोष्ट मात्र नेहमीची नाही. १९०५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्यांनी वैद्यकीय शिक्षणाला हात घातला. त्या काळच्या फ्रेंच कायद्यात विवाहित स्त्रीला बहुतेक व्यवहारांसाठी नवऱ्याची संमती लागे; पेर्ता यांनी ती दिली. १९०८ मध्ये मुलगी झाली, जॅकलिन. शिक्षण चालूच राहिले. रुग्णालयातल्या प्रशिक्षणाची अवघड स्पर्धा परीक्षा पार करून त्या त्वचारोगतज्ज्ञ ब्रोक यांच्या विभागात दाखल झाल्या. बर्नहार्ट यांची बातमी आली ती याच वर्षी.

त्यांच्या आधी फेसलिफ्ट कोणी केलीच नव्हती असे नाही. बर्लिनमध्ये ऑयगेन होलेंडर यांनी १९०१ मध्ये एका पोलिश उमरावकन्येच्या हट्टापायी केसांच्या कडेची आणि कानाजवळची कातडी कापून चेहरा वर घेतला होता. एरिख लेक्सर यांनी १९०६ मध्ये एका नटीवर शस्त्रक्रिया केली. ही नटी रात्री चेहऱ्याला चिकटपट्ट्या लावून त्या रबराने डोक्यावर ओढून बांधून झोपत असे, आणि त्याने कातडी आणखीच सैल झाली होती. पण हे सर्जन या शस्त्रक्रियांविषयी वर्षानुवर्षे लिहायला तयार नव्हते. प्रतिष्ठित माणसाने करायचे काम नव्हे, अशी सार्वत्रिक समजूत. मग ती जागा भोंदूंनी भरली. सुरकुत्यांत पॅराफिन, म्हणजे चक्क मेण, टोचण्याचा धंदा जोरात होता. ते मेण कालांतराने सरकायचे, त्याच्या गाठी व्हायच्या, चेहरे कायमचे विद्रूप व्हायचे. आज स्वस्तातली इंजेक्शने कुठल्यातरी पार्लरमध्ये टोचून घेणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा.

१९१४ ला युद्ध पेटले. खंदकातून डोके वर काढणाऱ्या सैनिकाचा चेहराच उडायचा. जबडा नसलेली, नाक नसलेली हजारो माणसे पॅरिसच्या व्हाल द ग्रास या लष्करी रुग्णालयात येऊ लागली. तिथे इपोलित मोरेस्तां हे सर्जन अक्षरशः नवे चेहरे घडवत होते. आधुनिक प्लास्टिक सर्जरीचे जनक मानले जाणारे हॅरोल्ड गिलीज हेदेखील १९१५ मध्ये त्यांची शस्त्रक्रिया पाहून भारावून गेले होते. सुझान यांनी मोरेस्तां यांच्या हाताखाली काम केले. (गमावलेले नाक कपाळाच्या कातडीतून पुन्हा उभे करण्याची पद्धत युरोपला पोचली ती आपल्या पुण्यातून. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी या बैलगाडीवाल्यावरील शस्त्रक्रियेचे वर्णन १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात छापून आले, ते वाचून तिथले सर्जन कामाला लागले.) त्या वॉर्डात सुझान यांनी कातडीचा रक्तपुरवठा ओळखायला आणि कातडी कुठल्या दिशेला किती सरकते हे हाताने जोखायला शिकून घेतले. शिवाय चेहरा गेला की माणसाचे काय काय जाते, हेही तिथे दिसत होते. नोकरी जाते, बायको तोंड फिरवते, लेकरू जवळ येत नाही.

युद्धाने त्यांच्या घरातही हात घातला. १९१८ मध्ये, विषारी वायूच्या परिणामांनी, पेर्ता गेले. पुढच्या वर्षी सुझान यांनी आंद्रे नोएल या सहाध्यायी डॉक्टरांशी लग्न केले. १९२२ मध्ये जॅकलिन गेली. त्या धक्क्यातून आंद्रे सावरलेच नाहीत. १९२४ मध्ये त्यांनी सीन नदीत उडी घेतली. युद्धकाळात प्रबंध न देताही वैद्यकी करण्याची सवलत होती, त्यामुळे सुझान यांचा प्रबंध मागे राहिला होता. तो त्यांनी १९२५ मध्ये, सगळे संपल्यावर, वयाच्या ४७ व्या वर्षी पूर्ण केला आणि डॉक्टरची पदवी घेतली. १९२६ मध्ये त्यांचे सौंदर्यशल्यक्रियेवरचे पुस्तक आले. या शस्त्रक्रियेची सामाजिक भूमिका हा विषय त्याच्या शीर्षकातच होता.

हे शीर्षक महत्त्वाचे आहे. युद्धानंतरच्या फ्रान्समध्ये लाखो स्त्रिया विधवा होत्या आणि पोटासाठी बाहेर पडत होत्या. दुकानात, शिवणघरात, नाट्यगृहात चाळिशी ओलांडलेल्या बाईला काम मिळेना, असलेले जाई. सुझान यांच्याकडे श्रीमंत बायका येत तशा या बायकाही येत. श्रीमंतांकडून त्या भरपूर पैसे घेत आणि गरजू बाईचे काम कमी पैशांत किंवा फुकट करत. सौंदर्यशल्यक्रिया म्हणजे रिकामटेकड्यांचे चोचले, असे म्हणणारे डॉक्टर तेव्हाही होते, आजही आहेत. त्यांतल्या किती जणांनी वय दिसते म्हणून नोकरीवरून काढलेल्या बाईशी बोलून पाहिले असेल, हा प्रश्नच आहे.

आता त्यांच्या पद्धतीकडे येऊ. सुझान आधी रुग्णाला आरशासमोर बसवत. कातडी चिमटीत धरून, किती वर घेतली तर चेहरा कसा दिसेल हे तिला दाखवत. छेद कुठे घ्यायचा हे मोजून आखण्यासाठी त्यांनी धातूची मोजपट्टी बनवून घेतली होती, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या उतरतील. छेद लहान, केसांच्या आत किंवा कानाच्या घडीत. स्थानिक भूल देऊन, रुग्ण जागी असताना, कातडीचे लांबट तुकडे काढायचे आणि बारीक टाक्यांनी शिवायचे. एकाच बैठकीत सगळे उरकायचे नाही. गरज भासली तर काही महिन्यांनी पुन्हा थोडे. बाई त्याच दिवशी घरी जाई, टाके केसांखाली झाकलेले. शस्त्रक्रियेआधीची आणि नंतरची छायाचित्रे त्या काटेकोरपणे काढून ठेवत. त्या काळात हे फारच थोडे सर्जन करत होते.

नैसर्गिक दिसण्याची गुरुकिल्ली त्यांना या थोडे थोडे करण्यात सापडली. तिच्यात शहाणपण आहे, पण तिची मर्यादाही सांगायला हवी. कातडी हा ताणाखाली हळूहळू लांबणारा पदार्थ आहे. तिच्यातले कोलॅजेन आणि इलॅस्टिनचे तंतू वयाने आणि उन्हाने आधीच सैल झालेले असतात. नुसती कातडी ओढून शिवली, तर महिन्याभरात परिणाम छान वाटतो, पण वर्ष-दोन वर्षांत ती पुन्हा उतरते. ते टाळायला सर्जनने जास्त जोर लावला की व्रण रुंद होतात, कानाची पाळी गालाकडे ओढली जाते, तोंडाचे कोपरे आडवे फाकतात. वाऱ्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या माणसासारखा तो चेहरा दिसतो. सुझान यांच्याकडे कातडीपलीकडचा उपाय नव्हता, म्हणून त्यांनी जोर कमी ठेवला आणि टिकाऊपणा कमी आहे हे मान्य करून पुन्हा बोलावण्याची पद्धत ठेवली. हातातल्या साधनांत हाच सर्वांत प्रामाणिक मार्ग होता. १९२० च्या सुमारास इतर सर्जन कानाच्या पुढून मागे जाणारा लांब छेद घेऊन गालाची कातडी दूरवर सोडवू लागले होते. त्यात परिणाम मोठा, पण कातडीखाली रक्त साठण्याचा आणि कातडीची कड काळी पडून मरण्याचा धोकाही मोठा.

खरे उत्तर कातडीच्या खाली होते. गालाच्या चरबीखाली तंतू आणि स्नायूंचा एक पातळ पण चिवट पदर असतो. स्वीडनच्या टॉर्ड स्कूग यांनी १९७० च्या दशकात कातडी आणि हा पदर एकत्र उचलण्याची पद्धत मांडली. १९७६ मध्ये पॅरिसच्याच मिट्झ आणि पेरोनी यांनी त्या पदराची शरीररचना वर्णन केली. सर्जन त्याला स्मास म्हणतात. वजन या पदराने पेलायचे आणि कातडी वरून नुसती, ताण न देता, अंथरायची, हे तत्त्व तेव्हापासून रूढ झाले. पुढे १९९० मध्ये अमेरिकेचे सॅम हॅमरा यांनी त्याहून खोल थरातून गाल सोडवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज डीप प्लेन म्हणून जिची जाहिरात होते ती हीच. त्या थराच्या लगतच चेहरा हलवणाऱ्या मज्जातंतूच्या शाखा असतात, त्यामुळे ती अनुभवी हातांचीच शस्त्रक्रिया आहे. पदर नुसता टाक्यांनी घडी घालून वर बांधायचा की सोडवून उचलायचा, यावर सर्जनमध्ये अजून वाद आहेत, आणि चांगल्या हातात दोन्हींचे निकाल चांगले येतात. पद्धतीच्या नावापेक्षा ताण कुठल्या पदरावर आहे आणि ओढ कुठल्या दिशेला आहे, हे विचारलेले बरे. गाल वयाने खाली येतो, मागे जात नाही. तो वर न्यायचा असतो. तसेच धूम्रपान करणाऱ्याने काही आठवडे आधीपासून ते पूर्ण बंद करावे, रक्तदाब आटोक्यात असावा, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती सर्जनना सांगावी. समोरचा माणूस प्लास्टिक सर्जरीतली पदवी घेतलेला आहे ना, हे तर पाहावेच.

धोक्याची जाणीव सुझान यांच्या काळात एका खटल्याने सगळ्या पॅरिसला करून दिली. १९२८ मध्ये एका तरुणीच्या पोटऱ्या बारीक करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर गँगरीन झाले आणि पाय कापावा लागला. निरोगी अवयवावर केवळ रूपासाठी सुरी चालवणे हीच चूक, असा निकाल १९२९ मध्ये न्यायालयाने दिला. अपिलात तो सौम्य झाला. हा सगळा व्यवसायच गुन्हा ठरतो की काय, अशी ती वेळ होती. लहान छेद, स्थानिक भूल, आधी समजावून सांगणे आणि छायाचित्रांची नोंद या सुझान यांच्या सवयींचे मोल अशा वातावरणात कळते. त्याच १९२८ मध्ये फ्रान्स सरकारने त्यांना लिजन ऑफ ऑनर हा किताब दिला.

शस्त्रक्रियेइतकाच त्यांचा दुसरा ध्यास होता स्त्रियांच्या मताधिकाराचा. ज्यांना मत नाही त्यांनी कर तरी का भरावा, असे त्या फ्रेंच बायकांना उघडपणे सांगत. नोकरी-व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांची सोरॉप्टिमिस्ट ही संघटना कॅलिफोर्नियात १९२१ मध्ये सुरू झाली होती. पॅरिसचा क्लब सुझान यांनी १९२४ मध्ये, म्हणजे नवरा गेला त्याच वर्षी, काढला. मग व्याख्याने आणि शस्त्रक्रियांच्या प्रात्यक्षिकांसाठी ज्या शहरात जातील तिथे त्या एक क्लब स्थापन करूनच परतत. मुंबई-पुण्यातही या संघटनेचे क्लब आहेत.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी पॅरिस घेतले तेव्हा त्या साठी ओलांडून गेल्या होत्या. गेस्टापो ज्यांच्या मागावर होते अशांचे चेहरे ओळखू येणार नाहीत इतपत बदलून देण्याचे काम त्यांनी केले, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. आयुष्यभर चेहरा स्वतःचाच वाटला पाहिजे म्हणून धडपडलेल्या हातांना ही उलटी कामगिरी करावी लागली. युद्ध संपल्यावर छळछावण्यांतून सुटलेल्या लोकांच्या खुणा पुसण्यासाठीही त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. १९४५ मध्ये फ्रेंच स्त्रियांनी पहिल्यांदा मतदान केले, तेव्हा सुझान ६७ वर्षांच्या होत्या. ११ नोव्हेंबर १९५४ रोजी त्यांचे निधन झाले.