चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर

शिवराज्याभिषेकाचे एक गजबजलेले चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी कोठे ना कोठे पाहिले असेल. महाराज सिंहासनावर बसले आहेत, दरबार माणसांनी फुलून गेला आहे आणि एका बाजूस इंग्रजांचा वकील नम्रपणे वाकलेला आहे. चित्र ओळखीचे असते. चित्रकाराचे नाव मात्र शेकडा एकासही ठाऊक नसते. ते नाव महादेव विश्वनाथ धुरंधर.

धुरंधरांचा जन्म 18 मार्च 1867 रोजी कोल्हापूर येथे एका पाठारे प्रभू कुटुंबात झाला. महाराष्ट्रातील चित्रकलेस तो काळ पडता होता. पेशवाईत वाड्यांच्या भिंती चित्रांनी सजत. वाईजवळ मेणवली येथे नाना फडणविसांच्या वाड्यात अशी भित्तिचित्रे आजही दिसतात. परंतु 1818 साली पेशवाई बुडाली, आश्रयदाते गेले, आणि हातातील कला पोटास भाकर देईना. अशा वेळी मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून कलाशाळा निघाली. 1857 साली सुरू झालेल्या या शाळेत शिक्षक विलायतेहून येत, आणि विद्यार्थ्यांपुढे नमुने ठेवले जात ते ग्रीक पुतळ्यांचे. आपल्या मुलाने अपोलोचे नाक रेखाटून शिकावे, हे आज थोडे विचित्र वाटते खरे!

तथापि याच शाळेतील ग्रिफिथ्स नावाच्या इंग्रज शिक्षकाने एक मोठे काम केले. 1872 ते 1885 या काळात त्यांनी विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करवून घेतल्या. डोंगरातल्या काळोख्या गुहांत बसून, अपुऱ्या उजेडात ही मुले भिंतीवरील एकेक रेषा उतरवीत होती. त्यांतील बऱ्याच नकला पुढे लंडन येथे आगीत जळाल्या, ही केवढी हानी! परंतु आपल्या देशातही उत्तम रेषा होती, ही जाण शाळेत राहिली. धुरंधर 1890 साली मुंबईस येऊन दाखल झाले ते याच ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली.

कष्टाळू विद्यार्थी म्हणून त्यांची लवकरच ख्याती झाली. 1895 साली बाँबे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले. त्या चित्राचा विषय ग्रीक नव्हता, की विलायती नव्हता. घरी आलेल्या लक्ष्मीस विचारावे तसे त्याचे नाव होते: लक्ष्मी, आलीस का? आमच्या मते धुरंधरांचे सारे मर्म येथे आहे. छायाप्रकाश, शरीराचे माप, दूरचे लहान व जवळचे मोठे दाखविण्याची रीत, हे सर्व त्यांनी पाश्चात्त्यांकडून घेतले. परंतु त्या रीतीने रंगविले ते आपले घर.

पुढील वर्षी ते त्याच शाळेत शिक्षक झाले. संसारात मात्र घाला पडला. मुंबईच्या प्लेगने त्यांची पहिली पत्नी नेली. नंतर गंगूबाईंशी त्यांचा विवाह झाला. त्यांच्या अनेक चित्रांतील स्त्री म्हणजे या गंगूबाईच होत.

त्यांची पेन्सिल कधी थांबत नसे. बाजारातील कोळीण, भारा वाहणारा हमाल, लग्नघरातील गडबड, देवळाकडे निघालेल्या बायका, जे दिसे ते कागदावर उतरे. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी जी गर्दी उसळते ती त्यांनी पाहिली असती, तर वहीची किती पाने भरली असती कोण जाणे! नऊवारी लुगड्याची प्रत्येक चुणी त्यांना पाठ होती. ऑटो रॉथफील्ड या इंग्रज अधिकाऱ्याच्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकास त्यांनी 48 रंगीत चित्रे दिली. टपालाची चित्रकार्डे त्यांनी केली. रविवर्म्यांच्या छापखान्यासाठीही चित्रे काढली. जे चित्र पूर्वी वाड्याच्या भिंतीवर सरदारच पाहत, ते आता चार पैशांत कोणाच्याही घरी जाऊ लागले. मोठी पौराणिक चित्रे त्यांनी पुष्कळ केली; त्यांतील काही आम्हांस नाटकातील प्रवेशांसारखी ताठ वाटतात. जलरंगांतील लहान चित्रांत मात्र ते मोकळे आहेत.

त्यांच्यावर टीकाही झाली. बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोर व त्यांच्या अनुयायांनी मोगल व अजिंठा शैलीकडे वळून स्वदेशी कलेचा पुकारा केला. मुंबईचे चित्रकार परक्यांची नक्कल करतात, असा आक्षेप तेव्हा घेतला जाई. आक्षेप अगदीच खोटा नव्हता. पण जिवंत माणसे समोर असता जुन्या शैलीत डोळे मिटून शिरावे, हे धुरंधरांना पटले नसावे. ते आपल्या वाटेने चालत राहिले. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते, त्यांचे चाहते होते. औंधच्या संग्रहालयात धुरंधरांची चित्रे आहेत. नव्या दिल्लीतील सचिवालयाच्या सजावटीतही त्यांचा हात लागला. 1927 साली रावबहादुर ही पदवी मिळाली. गोऱ्यांसाठीच राखलेली कलाशाळेच्या संचालकाची खुर्ची 1930 साली काही काळ त्यांच्याकडे आली, आणि 1931 साली ते निवृत्त झाले. शाळेतील एकेचाळीस वर्षांच्या आठवणी त्यांनी 1940 साली मराठीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या.

1 जून 1944 रोजी त्यांचे निधन झाले. तीनच वर्षांनी मुंबईत तरुण चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह गट उभा राहिला. त्यात आपल्याच मध्य प्रदेशात जन्मलेले व नागपुरास शिकलेले सय्यद हैदर रझा होते. या तरुणांनी धुरंधरांची रीत जुनी ठरवून बाजूस सारली, आणि पुढे पुष्कळ वर्षे त्यांचे नाव फारसे निघाले नाही. त्यांची कन्या अंबिकाबाई, ज्या स्वतः चित्रकार होत्या, 2009 पर्यंत हयात होत्या. वडिलांच्या चित्रांचा ठेवा त्यांनी जपला. 2018 साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले, आणि त्या कोळिणी, ते हमाल व ती लुगडी पुन्हा लोकांसमोर आली.