विश्लेषण : शंभरी गाठलेल्या मोटारसायकलींची ‘कॅननबॉल’ रॅली ज्याच्या नावाने धावते, तो अर्विन बेकर कोण होता?

अमेरिकेत 2010 पासून साधारण दर दोन वर्षांनी एक जगावेगळी रॅली निघते. तिच्यात नव्या, महागड्या, वेगवान मोटारसायकलींना प्रवेश नाही. भाग घ्यायचा तर गाडी आजोबा-पणजोबांच्या काळातली हवी, आणि तिच्यावर बसून अख्खी अमेरिका ओलांडायची. या रॅलीचे नाव ‘मोटारसायकल कॅननबॉल’. हे नाव आले ते अर्विन बेकर या स्वारावरून. याच नावाचा वेगवान मोटारींचा चित्रपट अनेकांनी पाहिला असेल. मात्र ज्याच्यावरून ते आले, त्याची ओळख फारच थोड्यांना आहे.

ही रॅली नेमकी काय आहे?

पहिली रॅली 2010 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील किटी हॉक ते कॅलिफोर्नियातील सांता मोनिका अशी झाली. राइट बंधूंचे पहिले विमान जिथे उडाले, तेच हे किटी हॉक. 1916 पूर्वी बनलेल्या गाड्यांनाच तेव्हा प्रवेश होता. त्यानंतर प्रत्येक वेळी मार्ग बदलला, गाडीच्या वयाची अटही बदलत गेली. 2016 मध्ये अटलांटिक सिटी ते कार्ल्सबाड या मार्गावर धावलेल्या सगळ्या गाड्या किमान शंभर वर्षांच्या होत्या.

या रॅलीत सर्वाधिक वेगाला बक्षीस नाही. ठरलेल्या वेळेत दिवसाचा टप्पा पार करायचा आणि कापलेल्या प्रत्येक मैलाला एक गुण मिळवायचा. वाटेत गाडी बंद पडली तर ती स्वाराने स्वतः दुरुस्त करायची. ते जमले नाही तर मागून येणारा ट्रक गाडी उचलून घेतो आणि उरलेल्या मैलांचे गुण जातात. गुण समान झाले तर जुन्या गाडीला, लहान इंजिनाला आणि वयाने मोठ्या स्वाराला झुकते माप मिळते.

हे वाटते तितके सोपे नाही. त्या काळातील बहुतेक गाड्यांना पुढचा ब्रेकच नसे. इंजिनात घातलेले तेल पुन्हा फिरून येत नसे, ते जळून किंवा गळून संपे. त्यामुळे चालवता चालवता हातपंपाने तेल द्यावे लागे. कमी पडले तर पिस्टन अडकणार आणि जास्त झाले तर प्लग काळवंडणार. आजचे स्वार हे सारे डांबरी रस्त्यावर, मुक्कामाला हॉटेल गाठायचे आहे हे ठाऊक असताना करतात. बेकरच्या वाट्याला यातले काहीच नव्हते.

बेकर कोठून आला?

अर्विन जॉर्ज बेकरचा जन्म 12 मार्च 1882 रोजी इंडियाना राज्यातील डिअरबॉर्न कौंटीत लाकडी ओंडक्यांच्या घरात झाला. पुढे कुटुंब इंडियानापोलिसला आले. तरुणपणी त्याने कारखान्यात यंत्रावर काम केले आणि करमणुकीच्या फिरत्या खेळांत कसरतपटू म्हणूनही तो वावरला. धिप्पाड बांधा, यंत्राची जाण आणि शरीरावरचा ताबा ही त्याची शिदोरी होती.

मग त्याने ‘इंडियन’ कंपनीची मोटारसायकल घेतली. नावामुळे घोटाळा होऊ शकतो, पण या कंपनीचा भारताशी संबंध नाही. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे 1901 मध्ये सुरू झालेली ही अमेरिकी कंपनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जगातील मोठ्या मोटारसायकल उत्पादकांपैकी एक होती. 1904 पासून बेकर स्थानिक शर्यती जिंकू लागला. इंडियानापोलिसचा आज जगप्रसिद्ध असलेला ट्रॅक ऑगस्ट 1909 मध्ये मोटारसायकल शर्यतींसाठी खुला झाला, तेव्हा तिथल्या पहिल्यावहिल्या विजेत्यांत तो होता. खडी आणि डांबराचा तो पृष्ठभाग इतका वाईट होता की अनेक स्वारांनी धावायलाच नकार दिला आणि उरलेल्या शर्यती गुंडाळाव्या लागल्या. खराब वाटेवर गाडी सांभाळून शेवटपर्यंत नेण्याचे बेकरचे कसब तिथेच दिसले.

तेव्हाचे रस्ते कसे होते?

1904 मधील सरकारी पाहणीनुसार अमेरिकेत ग्रामीण रस्ते सुमारे साडेएकवीस लाख मैलांचे होते. त्यांपैकी खडी वा अन्य पक्का थर असलेले जेमतेम सात टक्के. बाकी सगळी माती. पावसात चिखल, उन्हात धूळ आणि वाळवंटात तर वाट कुठली तेही कळू नये अशी गत.

1903 मध्ये जॉर्ज वायमन या तरुणाने सव्वा अश्वशक्तीच्या मोटारसायकलवर सॅन फ्रान्सिस्को ते न्यूयॉर्क हा प्रवास पन्नास दिवसांत केला. स्वयंचलित वाहनाने अमेरिका ओलांडणारा तो पहिला. पश्चिमेकडे रस्ता नव्हता म्हणून त्याने शेकडो मैल रेल्वेच्या स्लीपरवरून धक्के खात गाडी हाकली. इंजिनाने दगा दिल्यावर अखेरचा टप्पा त्याने पायडल मारून पूर्ण केला.

1914 ची दौड इतकी महत्त्वाची का?

3 मे 1914 रोजी बेकर सॅन डिएगोहून निघाला. गाडी होती दोन सिलिंडरची, दोन गिअरची इंडियन. कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाचे वाळवंट, पुढे न्यू मेक्सिको, मग मधली मैदाने आणि शेवटी पूर्वेकडची दाट वस्ती ओलांडत तो न्यूयॉर्कला पोहोचला, तेव्हा साडेअकरा दिवस झाले होते. अंतर 3,379 मैल, म्हणजे सुमारे 5,440 किलोमीटर. मुंबई-दिल्ली अंतराच्या जवळपास चौपट. त्याआधीचा विक्रम वीस दिवसांहून अधिकचा होता. बेकरने तो एका फटक्यात जवळपास निम्म्यावर आणला.

हिशेब केला तर रोजचे सरासरी अंतर पावणेपाचशे किलोमीटरच्या आसपास येते. आजच्या महामार्गावर हा अर्ध्या दिवसाचा प्रवास. मातीच्या वाटेवर, एकट्याने, सलग अकरा दिवस एवढे अंतर कापायचे तर नुसती गाडी पळवून भागत नाही. पेट्रोल कुठे मिळेल, तेल किती लागेल, कुठे झोपायचे आणि कुठे झोप टाळायची, हे सारे आधीच ठरवावे लागते. गाडीला कुठे जपायचे आणि कुठे ताणायचे, हे तिच्या आवाजावरून ओळखावे लागते. बेकरचे खरे बळ या तयारीत होते.

‘कॅननबॉल’ हे नाव कसे पडले?

या दौडीनंतर न्यूयॉर्कच्या एका पत्रकाराने त्याची तुलना ‘कॅननबॉल’ या प्रसिद्ध जलद रेल्वेगाडीशी केली. कॅननबॉल म्हणजे तोफगोळा. नाव चिकटले आणि बेकरनेही ते अभिमानाने मिरवले.

पण नावाने पोट भरत नाही. बेकरची कमाई गाडी बनवणाऱ्या कंपन्यांकडून येई आणि त्यांच्याशी त्याचा सौदा सरळ होता. विक्रम झाला तर पैसे, नाही झाला तर छदामही नाही. गाडी अर्ध्या वाटेत मोडली की कंपनीची अब्रू जाई आणि बेकरची रोजीही. म्हणूनच शेवटपर्यंत पोहोचणे हा त्याच्यासाठी केवळ हौसेचा किंवा मानाचा प्रश्न राहिला नाही.

कंपन्यांना त्याची गरज का होती, हेही समजून घेतले पाहिजे. मोटारसायकल किंवा मोटार भरवशाची असते, यावर तेव्हाच्या सामान्य ग्राहकाचा विश्वास नव्हता. गाडी घेतली आणि आडरानात बंद पडली तर काय, ही त्याची शंका रास्तच होती. देशाच्या एका किनाऱ्यावरून निघून दुसऱ्या किनाऱ्यावर पोहोचलेली गाडी हे त्या शंकेला दिलेले उत्तर होते. हा निखळ जाहिरातीचा मामला होता आणि बेकरने तो कधी लपवला नाही.

मोटारसायकलवरून तो मोटारीकडे कसा वळला?

1915 मध्ये त्याने कॅनडातील व्हँकुव्हरहून मेक्सिकोतील तिहुआनापर्यंत इंडियनच्या ‘पॉवरप्लस’वर तीन देशांना जोडणारी दौड साडेतीन दिवसांच्या आत पूर्ण केली. 1916 मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात चोवीस तासांत हजार मैलांहून अधिक अंतर कापले. त्याच सुमारास मोटार कंपन्याही त्याच्या दारी येऊ लागल्या. 1915 मध्ये स्टट्झ बेअरकॅट मोटारीतून देश ओलांडायला त्याला अकरा दिवस सात तास लागले. पुढच्याच वर्षी कॅडिलॅकमधून हे काम साडेसात दिवसांत झाले.

विक्रम मोडले जाण्यासाठीच असतात, हे त्यालाही चुकले नाही. 1917 मध्ये ॲलन बेडेलने हेंडरसन मोटारसायकलवर आठ दिवसांच्या आत देश ओलांडला. बेकरने 1922 मध्ये चार सिलिंडरच्या ‘एस’ गाडीवर ही वेळ सात दिवसांच्या आत आणली आणि काही आठवड्यांतच वेल्स बेनेटने तीही मोडली. त्याच वर्षी बेकर इंडियानापोलिस 500 या नामांकित मोटार शर्यतीत उतरला आणि अकरावा आला.

त्याची सर्वांत गाजलेली दौड 1933 मधली. ग्रॅहम-पेज कंपनीची मोटार एकट्याने चालवत तो न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला साडेत्रेपन्न तासांत पोहोचला. तेव्हा त्याचे वय 51 होते आणि आजचे आंतरराज्य महामार्ग अजून दोन दशकांहून अधिक दूर होते. ही वेळ जवळपास चाळीस वर्षे कोणी मागे टाकली नाही. एकूण 143 विक्रम त्याच्या नावावर सांगितले जातात. 1941 मध्ये, वयाच्या 59 व्या वर्षी, स्वतः आखलेल्या रोटरी व्हॉल्व्ह इंजिनाच्या मोटारसायकलवर तो पुन्हा एकदा देश ओलांडून गेला.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटार शर्यतींची ‘नॅसकार’ ही संघटना उभी राहिली, तेव्हा तिचा पहिला आयुक्त म्हणून बेकरची निवड झाली. 10 मे 1960 रोजी वयाच्या 78 व्या वर्षी त्याचे निधन झाले. इंडियानापोलिसच्या क्राउन हिल दफनभूमीत त्याला चिरविश्रांती मिळाली.

मग त्याचे नाव चित्रपटात कसे पोहोचले?

1971 मध्ये मोटार पत्रकार ब्रॉक येट्स याने न्यूयॉर्क ते लॉस एंजेलिस परिसर अशी बेकायदा शर्यत सुरू केली आणि तिला बेकरच्या स्मृतीचे नाव दिले. त्या नोव्हेंबरच्या शर्यतीत येट्स आणि डॅन गर्नी यांनी फेरारीतून हे अंतर 35 तास 54 मिनिटांत कापले. त्यावर बेतलेला ‘द कॅननबॉल रन’ हा बर्ट रेनॉल्ड्सचा चित्रपट 1981 मध्ये आला. त्यात जॅकी चॅनही होता. तेव्हापासून कॅननबॉल म्हणजे पोलिसांना चुकवत सुसाट पळणे, असाच अर्थ अनेकांच्या मनात बसला.

बेकरचा खरा वारसा कोणता?

बेकरही सार्वजनिक रस्त्यांवरूनच धावला आणि घड्याळ हाच त्याचा प्रतिस्पर्धी होता, हे नाकारता येत नाही. आजच्या गर्दीच्या रस्त्यांवर त्याची नक्कल म्हणजे इतरांच्या जिवाशी खेळ. पण त्याच्या यशाचे मर्म सर्वाधिक वेगात नव्हते. न थांबता, न मोडता, सावकाशीने का होईना पण सतत पुढे जाण्यात होते.

जुन्या मोटारसायकलींची रॅली हेच मर्म जपते. ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरने धडधडणारी शतकापूर्वीची गाडी, हातात तेलाचा पंप, सोबत पाने-पेचकसांची पिशवी आणि संध्याकाळपर्यंत मुक्काम गाठायची जिद्द, एवढेच इथे भांडवल. वाटेत बसून चेन जोडणारा, प्लग पुसणारा स्वार बेकरला चटकन ओळखीचा वाटला असता. फरक इतकाच, की आजच्या स्वाराची गाडी बंद पडली तर त्याचे गुण जातात. बेकरची बंद पडली असती, तर त्याची भाकरी गेली असती.