श्वास ही सार्वजनिक बाब

सुमात्रा आणि बोर्निओ या बेटांवरील वणव्यांचा धूर १९९७ व २०१५ साली समुद्र ओलांडून मलेशियावर पसरला. पेनांग बेटही त्या धुरात सापडले. नाकातोंडावर मुखपट्टी बांधून लोक बाहेर पडत होते. अशा मुखपट्टीची परंपरा ज्यांच्यापाशी जाऊन पोचते, ते डॉ. वू लिएन-तेह याच बेटावर १८७९ साली एका चिनी सोनाराच्या घरी जन्मले आणि १९६० साली तेथेच निवर्तले, हा योगायोग विलक्षण खरा.

शिष्यवृत्ती मिळवून वू केंब्रिजला गेले आणि वैद्यकशास्त्राचे उच्च शिक्षण घेऊन १९०३ साली मायदेशी परतले. अफूच्या व्यापाराविरुद्ध त्यांनी उघडपणे आघाडी उभारली. त्यामुळे हितसंबंधीयांचा रोष त्यांच्यावर ओढवला. १९०८ साली ते चीनला गेले आणि तिएनत्सिन येथील लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात काम करू लागले.

१९१० च्या डिसेंबरात मांचुरियातील हार्बिन येथे माणसे रक्ताच्या गुळण्या टाकीत मरू लागली. तेथे धाडण्यात आलेले वू त्या वेळी अवघे एकतीस वर्षांचे होते. उंदरांवरील पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे मुंबईतील संशोधनानंतर सर्वमान्य झाले होते. परंतु हा प्लेग फुफ्फुसांचा असून तो रुग्णाच्या खोकल्यातून, हवेवाटे, थेट दुसऱ्याच्या फुफ्फुसांत शिरतो, असा निष्कर्ष वूंनी शवविच्छेदनानंतर काढला. गॉझच्या थरांत कापसाची जाड घडी बसवून त्यांनी एक साधी, स्वस्त मुखपट्टी तयार करविली. मेनी या अनुभवी फ्रेंच वैद्याला तरुण वूंचे म्हणणे पटले नाही. मुखपट्टीविना त्याने रुग्ण तपासले आणि थोड्याच दिवसांत तो त्याच रोगाला बळी पडला.

मात्र केवळ मुखपट्टीवर विसंबून राहण्याइतके वू भाबडे नव्हते. शहराचे विभाग पाडून त्यांनी घरोघर तपासणी सुरू केली, संशयितांना रेल्वेच्या मालडब्यांत वेगळे ठेवले आणि प्रवासावर निर्बंध आणविले. गोठलेल्या भूमीत पुरता न आलेल्या दोन हजारांहून अधिक शवांचे त्यांनी बादशाही अनुमतीने दहन करविले. सुमारे ६० हजार बळी घेऊन १९११ च्या वसंतात साथ ओसरली.

या साथीचे मूळ बाजारात होते, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. टारबागान या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या कातड्याला युरोपात मागणी वाढली, भाव चढले आणि नवशिके शिकारी रोगट प्राणीही पकडू लागले. नफा थोड्यांच्या पदरी पडला. त्याची किंमत मात्र सहस्रावधी फुफ्फुसांनी मोजली.

इंडोनेशियातील धुराचे अर्थकारण याहून फारसे निराळे नाही. पामतेलाच्या व कागदाच्या लगद्याच्या मळ्यांसाठी जमीन मोकळी करण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे आग. दलदलीतील पीट एकदा पेटले की ते आठवडेच्या आठवडे जमिनीखाली धुमसत राहते. धुरातील अडीच मायक्रॉनहूनही बारीक कण फुफ्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोचतात; दमेकरी, बालके व वृद्ध यांना त्यांचा विशेष त्रास होतो. हा खर्च तेलाच्या किमतीत कोठेच धरला जात नाही, आणि ते तेल भारतातील स्वयंपाकघरांतही येते.

असे सूक्ष्म कण साध्या कापडाने अडत नाहीत. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारी एन-९५ मुखपट्टी लागते; वूंची कापसाची घडी तिची पूर्वज मानली जाते. पण उन्हातान्हात राबणाऱ्या मजुराने ती विकत घ्यावी आणि दारे-खिडक्या लावून घरात बसावे, एवढा उपदेश करून शासनाची जबाबदारी संपत नाही. वेळेवर इशारा देणे, मुखपट्ट्यांचे वाटप करणे, शाळा-रुग्णालयांत गाळलेल्या हवेच्या खोल्या राखणे ही कामे समाजाने एकत्रितपणेच करावी लागतात. शिवाय मुळाशीच आग रोखणे आवश्यक असते. सीमापार धुराविषयीचा आग्नेय आशियाई करार २००२ साली झाला. ज्या इंडोनेशियात हा धूर मुख्यतः उठतो, त्याने मात्र त्यास २०१४ साली मान्यता दिली. बारा वर्षांच्या या दिरंगाईचे मोल कोणी चुकविले, हे सांगावयास नको.

हार्बिनमध्ये वूंना यश आले, कारण मुखपट्टीच्या मागे त्यांनी संपूर्ण शासनयंत्रणा उभी केली होती. ती यंत्रणा नसेल तर श्वास वाचविण्याचा भार ज्याचा त्याच्यावर पडतो, आणि गरिबाला तो पेलत नाही.