‘संत तुकाराम’ सिनेमा करणारे दामले मूळचे पेणचे

मोहोपाडा : मोहोपाड्याहून पेण काही लांब नाही. गणपतीच्या मूर्तींसाठी आपण जातो, तेच पेण. तिथेच 1892 साली विष्णुपंत दामले जन्मले. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता.

तरुणपणी ते कोल्हापुरात बाबूराव पेंटरांकडे गेले आणि कॅमेरा, यंत्रं, सेट सगळं हाताने करत शिकले. जिवलग दोस्त फत्तेलाल तिथलेच. 1929 साली व्ही. शांताराम आणि इतरांसोबत या जोडीने ‘प्रभात’ कंपनी काढली. सिनेमा बोलू लागला तेव्हा आवाज टिपायची जबाबदारी दामल्यांनी उचलली. पुढे कंपनी पुण्याला गेली.

1936 साली दामले-फत्तेलालांनी ‘संत तुकाराम’ केला. मुंबईत तो वर्षभराहून जास्त चालला, इटलीत व्हेनिसलाही गौरवला गेला. लोकांना तो इतका का आवडला? विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा तर होतेच. पण खरी मजा जिजाईची. पोर आजारी, घरात दाणा नाही, नवरा भजनात. म्हणून ती चप्पल घेऊन थेट विठोबालाच जाब विचारायला देवळात जाते! अशी बाई प्रत्येक गावात असते. हे काम करणाऱ्या गौरी स्टुडिओत साध्या कामगार म्हणून आल्या होत्या. शेवटी तुकोबांचं विमान आकाशात जातं, ते मात्र कारागिरांचं काम.

5 जुलै 1945 रोजी दामले गेले, वय अवघं 52. पुण्यातल्या त्यांच्या स्टुडिओच्या जागेत आज सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट आहे.