दूरच्या वाटेचे सोबती : संत फ्रान्सिस झेवियर

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं संत फ्रान्सिस झेवियर यांचें स्मरण करणें आम्हांस उचित वाटतें. त्यांच्या चमत्कारांच्या कथा आमच्या घरोघरीं चालत आल्या आहेत. परंतु प्रभूच्या कार्यासाठीं दूरदेशीं निघालेल्यानें प्रवास कसा करावा, हा त्यांच्या चरित्रांतील धडा मात्र फारसा कोणी सांगत नाहीं.

नावार देशांत १५०६ सालीं जन्मलेले हे येशूसंघीय धर्मगुरु ७ एप्रिल १५४१ रोजीं, आपल्या पस्तिसाव्या जन्मदिवशीं, लिस्बनहून निघाले. राजाच्या अधिकाऱ्यानें चाकर देऊं केला असतां त्यांनीं तो नाकारला. स्वतःचे कपडे धुण्यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं. बोट लागून ते दोन महिने बेजार झाले, तरी गलबतावरील आजाऱ्यांची शुश्रूषा त्यांनीं सोडली नाहीं. ६ मे १५४२ रोजीं गोव्यास पोहोंचल्यावर त्यांनीं बिऱ्हाड केलें तें इस्पितळांत.

मोतीं काढणाऱ्या कोळ्यांच्या किनाऱ्यावर त्यांनीं प्रार्थना तमिळ भाषेंत उतरवून घेतल्या आणि त्या मुखोद्गत केल्या. पुढें मलाक्का व मोलुक्का बेटें झालीं. १५४८ सालीं त्यांचे पाय वसईच्या भूमीसहि लागले. एकांतवासांत धीर यावा म्हणून आपल्या बंधूंच्या पत्रांतील सह्या कापून ते गळ्यांत बाळगीत.

१५ ऑगस्ट १५४९ रोजीं ते जपानांतील कागोशिमा येथें उतरले. तेथें त्यांची कठीण परीक्षा झाली. दुभाष्याच्या सांगण्यावरून देवासाठीं जो शब्द ते वापरीत, तो एका बुद्धाचें नांव असल्याचें पुढें कळून आलें. तें कळतांच त्यांनीं तो शब्द टाकला व लॅटिन नांव घेतलें. तसेंच, फाटक्या वस्त्रांमुळें राजधानींत त्यांस कोणी दाद दिली नाहीं. तेव्हां १५५१ सालीं ते उंची वस्त्रें लेवून व नजराणे घेऊन यामागुचीच्या सरदारापुढें गेले आणि उपदेशाची परवानगी मिळविली. दारिद्र्य त्यांस प्रिय होतें. परंतु आपल्या आवडीहून त्या लोकांचें कल्याण त्यांनीं मोठें मानलें.

३ डिसेंबर १५५२ रोजीं, चीनच्या किनाऱ्याजवळील सांचियान बेटावर, एका झोंपडींत त्यांनीं देह ठेविला. चीनमध्यें शिरण्याची त्यांची इच्छा अपुरी राहिली. १६२२ सालीं ख्रिस्तसभेनें त्यांस संतपद दिलें व १९२७ सालीं संत तेरेझा यांच्यासह मिशनकार्याचे आश्रयदाते ठरविलें.

आमच्या पॅरिशमधून कोणी सिस्टर, धर्मगुरु वा प्रापंचिक दूरच्या सेवेस निघाल्यास त्यांस आमची प्रेमाची सूचना इतकीच : ओझें थोडें न्यावें, वाटेंतील आजाऱ्यास आधीं भेटावें, भाषा शिकण्यास वेळ द्यावा, चूक कळतांच सुधारावी, आणि घरीं पत्र लिहिण्याचा आळस करूं नये. मागें राहणाऱ्या आम्हां सर्वांचें काम, त्यांच्यासाठीं रोज रोजारीचें एक दशक म्हणणें. गोव्यास बॉम जेझू मंदिरांत त्या थकलेल्या देहापुढें गुडघे टेकतांना या प्रवाशांची आठवण आम्हांस राहो.